सोसायटीने रॉटवायलर हलवायला सांगितलाय. सरकारी 'बंदी' खरंच लागू आहे का?

चिंचवडकर_मृणाल

नमस्कार मंडळी. थोडं मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

आमच्याकडे बंड्या आहे. रॉटवायलर, वय 4, वजन 42 किलो. महापालिकेचा परवाना आहे, रेबीजची लस वेळच्या वेळी, नसबंदी झालेली. आजवर कुणालाही दात लावलेला नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या विंगमधल्या काकूंचा नातू लिफ्टचं दार उघडलं तसा एकदम बंड्यासमोर आला, दचकला आणि मागे पडला. बंड्या जागचा हलला नाही, पट्टा माझ्या हातात आखूड धरलेला होता. पण पोराचं कोपर चांगलंच खरचटलं. काकू घाबरल्या, आणि त्यात त्यांची काही चूक आहे असं मला वाटत नाही. त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन आले.

दोन दिवसांनी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पीडीएफ फिरली. केंद्र सरकारचं मार्च 2024 चं पत्र, त्यात 23 'धोकादायक' जातींची यादी आणि यादीत रॉटवायलर. मग विशेष सभा, हात वर करून ठराव, आणि आता आमच्या दारावर नोटीस: बंदी घातलेल्या जातीचा कुत्रा एका महिन्यात सोसायटीबाहेर न्यावा.

आमच्याच बिल्डिंगमध्ये एक लॅब्रेडॉर दिवसभर गॅलरीत साखळीला बांधलेला असतो. पॅसेजमधून कुणी गेलं की तो ग्रिलवर अंग टाकून भुंकतो, कचरा न्यायला येणाऱ्या मावशी त्या मजल्यावर भिंतीला घासून चालतात. त्याच्याबद्दल सभेत कुणी बोललं नाही. कारण 'लॅब गरीब असतो'.

मला तीन गोष्टी कळून घ्यायच्यात. ते पत्र आज कायदा म्हणून लागू आहे का? सोसायटीला असा ठराव करता येतो का? आणि तिसरं, जे मला सगळ्यात अवघड वाटतंय: ज्यांना खरोखर भीती वाटते त्यांच्याशी मी काय बोलू? 'आमचा काही करत नाही' हे वाक्य मला म्हणायचं नाहीये.

तळेगावचा_वकील

मृणाल, पत्र खरं आहे, पण आता त्यात जीव नाही.

12 मार्च 2024 ला केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने ते सगळ्या राज्यांच्या मुख्य सचिवांना पाठवलं. डिसेंबर 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका याचिकेवर 'या निवेदनावर तीन महिन्यांत निर्णय घ्या' असं सांगितलं होतं, त्यातून ते निघालं. या जाती आणि त्यांचे संकर यांच्या विक्रीला, पैदाशीला परवाने देऊ नका, आयात बंद, आणि आधीच पाळलेल्यांची नसबंदी करा, असा मजकूर. म्हणजे त्या पत्रातसुद्धा पाळलेला कुत्रा घरातून काढा असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. तुमच्या कमिटीने ते शेवटपर्यंत वाचलेलं दिसत नाही.

पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने आठवड्याभरातच आपल्या राज्यापुरती स्थगिती दिली आणि 10 एप्रिलला पत्र रद्द केलं. ज्यांना झळ पोचणार त्यांना कुणालाच विचारलं नाही, हा मोठा मुद्दा होता. 16 एप्रिलला दिल्ली उच्च न्यायालयानेही ते रद्द केलं आणि नवीन काही काढायचं तर आधी लोकांच्या हरकती-सूचना मागवा असं सांगितलं. तेव्हा त्या पीडीएफच्या जोरावर तुम्हाला कुणीही काही करायला लावू शकत नाही.

सोसायटीचं म्हणाल तर भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची फेब्रुवारी 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. बहुमत असलं तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालणारा ठराव किंवा उपविधी करता येत नाही, आणि लिफ्टही नाकारता येत नाही. कमिटीला लेखी उत्तर द्या, पोच घ्या. ऐकलं नाही तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करा. परवाना, लसीचं कार्ड, नसबंदीचा दाखला सोबत जोडा.

दुसरी बाजूही सांगून ठेवतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 बघा. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये एवढी काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात जात विचारलेली नाही. रॉटवायलर असो, लॅब असो, म्हैस असो, जबाबदार मालक. गॅलरीतल्या त्या लॅबच्या मालकांनाही हे लागू आहे.

पशुवैद्य_मिरज

कायद्याचं वकीलसाहेबांनी नीट सांगितलंय, मी दवाखान्यातलं सांगतो. मिरजेत माझा छोट्या प्राण्यांचा दवाखाना आहे, त्याआधी सरकारी नोकरीत गुरं-ढोरं केली. जातीवर बंदी घालण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे, आणि कुत्रे चावतात, माणसं मरतात, हे मान्य करूनच विरोधात आहे.

मार्च 2024 मध्ये ते पत्र बातम्यांत आलं त्या आठवड्यात माझ्याकडे काय झालं ते ऐका. पिटबुल आणि रॉटवायलरवाले मालक यायचेच बंद झाले. जे आले त्यांतले काही म्हणाले, 'डॉक्टर, कार्डावर जात लिहू नका' किंवा 'मिक्स लिहा की'. एक पोरगं तर कुत्रा गाडीतच ठेवून आत आलं आणि म्हणालं, लस बाहेरच येऊन टोचता का, इथे बसलेले लोक बघतील. मी बाहेर जाऊन टोचली. रेबीजची लस चुकली तर त्या कुत्र्याचं जे व्हायचं ते होईलच, पण त्याच्या घरातल्या आणि गल्लीतल्या माणसांचं काय? ज्या कुत्र्यावर डॉक्टरची, महापालिकेची, शेजाऱ्यांची सगळ्यात जास्त नजर हवी, तोच त्या पत्राने नजरेआड केला. बंदीचा पहिला परिणाम मी माझ्या टेबलावर बघितला तो हा, आणि माझं सगळं म्हणणं त्यातून आलेलं आहे.

आता ती यादी. तिच्यात टोसा ही एकच जपानी जात दोन वेगवेगळ्या नावांनी दोनदा आहे. 'टेरियर्स' असा एकच शब्द टाकलाय. टेरियर म्हणजे पिटबुलपण आणि टेरियर म्हणजे पुण्यामुंबईत बायका पर्समध्ये घेऊन फिरतात तो यॉर्कीपण. 'मॅस्टिफ' तसंच. ज्यांनी ही यादी केली त्यांनी कुत्रे हाताळणारा एखादा माणूस शेजारी बसवला असता तर हे झालं नसतं.

आणि यादी बरोबर असती तरी ओळखणार कोण? आमच्याकडे खेड्यातून कुत्रा येतो. रुंद डोकं, आखूड केस, छाती भरलेली, रंग तांबूस. मालक छातीठोक सांगतो, 'प्युअर पिटबुल हाय.' आई गावातली, बाप कुणाच्या तरी फार्महाऊसवरचा, मधे लॅबचं रक्त असेल नसेल. मी इतकी वर्षं हे काम करतोय, मला बघून ठामपणे सांगता येत नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या आश्रयगृहांत रोज कुत्रे हाताळणाऱ्या लोकांना जाती ओळखायला लावल्या आणि मग डीएनए तपासला, तर पिटबुल ठरवलेल्यांपैकी बऱ्याच कुत्र्यांत पिटबुलचा अंशही निघाला नाही. मग आपल्या महापालिकेच्या गाडीवरचा मुलगा दारात उभा राहून ठरवणार की हा संकर यादीत बसतो का? 2022 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. 18,000 हून जास्त कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं आणि त्यातल्या सुमारे 2,000 कुत्र्यांची जनुकं तपासली. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, यातला जातीचा वाटा निघाला सुमारे 9 टक्के. बाकीचं कुठून येतं? त्याचा कुणी कायदा करत नाही.

ते कुठून येतं ते मला रोज दिसतं. पिल्लू महिन्याचं व्हायच्या आत आईपासून तोडलेलं असतं, म्हणजे भावंडांत खेळताना आपला दात किती लागतो हे ते शिकलेलंच नसतं. मग दिवसभर चार फुटांच्या साखळीला. गुरगुरलं की मालक काठी मारतो. हे फार वाईट आहे, यावर जरा थांबतो. गुरगुरणं ही कुत्र्याने दिलेली सूचना असते. मार खाऊन तो सूचना द्यायचं सोडतो, चावायचं सोडत नाही. मग लोक म्हणतात 'काही न करता एकदम चावला'. एकदम काही नसतं. आधी अंग ताठ होतं, तोंड मिटतं, धाप थांबते, मान न वळवता डोळे तिरके होतात आणि कडेचा पांढरा भाग दिसतो. दोन-तीन सेकंद मिळतात. ते वाचायला शिकवण्यावर एक रुपया खर्च होत नाही.

मध्यंतरी एक लॅब आणला होता, घरातल्या पोराच्या गालाला चावलेला. आई रडत होती, बाप म्हणाला याला इंजेक्शन देऊन टाका. मी आधी मझल, म्हणजे तोंडाला मुसकी, लावून कान बघितला. कानाची नळी सुजून बंद झालेली, आतून काळपट पू, वास असा की कंपाउंडरने खिडकी उघडली. पोराने लाडात त्याच कानाला मिठी मारली होती. कितीतरी दिवस तो कुत्रा डोकं झटकत होता, कुणी बघितलं नव्हतं. औषध चालू केलं, पोर आणि कुत्रा वेगळे ठेवायला सांगितले. तो अजून त्याच घरात आहे, आणि कुणी त्याच्याजवळ कसं जायचं याचे नियम आता त्या घरात ठरलेले आहेत. हा चावा कुठल्या यादीने टळला असता?

एक गोष्ट मात्र प्राणिप्रेमी मंडळी बोलायचं टाळतात. मोठा, जबड्याने ताकदवान कुत्रा चावला तर इजा मोठी होते. स्पिट्झ चावला तर टाके, रॉटवायलरने धरून झटकलं तर जीव जाऊ शकतो. लखनौला जुलै 2022 मध्ये 82 वर्षांच्या बाई घरातल्याच पिटबुलच्या हल्ल्यात गेल्या. हे नाकारून आपण काही मिळवत नाही. म्हणून मी म्हणतो, मोठ्या कुत्र्याच्या मालकावर जास्त अटी घाला. प्रशिक्षण सक्तीचं करा, भिंतीची उंची ठरवा, विमा काढायला लावा, आणि ज्याला तो कुत्रा हाताने धरवत नाही त्याला परवानाच देऊ नका. पण हे सगळं त्या माणसाकडे आणि त्या कुत्र्याकडे बघून ठरवा.

बंदीवाल्यांना कुणी विचारत नाही की हे कुत्रे येतात कुठून. परदेशातून पैदाशीच्या धंद्यासाठी कुत्रे आणायला 2016 पासूनच मनाई आहे. 2017 पासून पैदास आणि विक्रीचे नियम आहेत: राज्य मंडळाकडे नोंदणी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मायक्रोचिप, मादीला वर्षातून एकापेक्षा जास्त वेत नाही. आता फेसबुकवर आपल्या जिल्ह्याच्या ग्रुपवर जा. 'हेवी बोन, चॅम्पियन लाईन, 30 दिवसांची पिल्लं, होम डिलिव्हरी.' ब्लेडने कान कापलेली पिल्लं माझ्याकडे रक्ताळलेली येतात. त्या विकणाऱ्याला कुणी नोंदणी विचारलीय? असलेला नियम वापरायचा नाही आणि नव्या बंदीचं पत्र काढायचं. बंदी आली की पिटबुल विकणारा उद्या दुसरं काहीतरी विकेल, तितक्याच लहान वयात आणि तितक्याच हावरेपणाने.

नसबंदीच्या आदेशाबद्दलही सांगतो, कारण मी शस्त्रक्रिया करतो. नसबंदी चांगलीच. पण पाच महिन्यांच्या मोठ्या जातीच्या पिल्लाला, ज्याची हाडं अजून वाढतायत, आणि हृदय मोठं झालेल्या नऊ वर्षांच्या म्हाताऱ्या कुत्र्याला एकाच फटक्यात भूल द्या असं दिल्लीतून कागदावर ठरवता येत नाही. तो निर्णय टेबलावर, स्टेथोस्कोप लावून होतो.

मृणालताई, बंड्याचं नंतर लिहितो, पेशंट आलाय.

बार्देशची

डॉक्टर, तुमचं सगळं वाचलं. पटत नाही असं नाही. पण मी म्हापशाजवळ राहते आणि माझी मुलगी सहा वर्षांची आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये हणजूणला सात वर्षांचा मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात गेला. त्या दिवसापासून आमच्या वाड्यावरच्या आया मुलांना एकटं दुकानात पाठवत नाहीत. आमच्या रस्त्यावर भाड्याच्या बंगल्यात असाच एक कुत्रा आहे. कंपाउंडची भिंत माझ्या कमरेइतकी. दोनदा तो बाहेर आला. तक्रार घेऊन गेलो तर विचारतात, चावला का? नाही चावला, तर मग काय करणार? म्हणजे माझ्या मुलीला चावेपर्यंत थांबायचं?

2025 च्या पावसाळी अधिवेशनात गोवा विधानसभेत विधेयक मंजूर झालं, प्राणी प्रजनन आणि पाळणूक नियमन व भरपाईचं. हिंस्र जाती जाहीर करून त्यांच्यावर बंदी घालायचा अधिकार सरकारला मिळतो. खरं सांगते, मला बरं वाटलं. तुम्ही म्हणता वागणुकीकडे बघा. पण वागणूक बघायला इथे कोण येतं? जात निदान डोळ्यांना दिसते.

पशुवैद्य_मिरज

बार्देशच्या ताई, तुमची भीती मी एका शब्दानेही कमी लेखत नाही. त्या मुलाची बातमी वाचली तेव्हा माझा नातू त्याच वयाचा होता.

तुमची खरी तक्रार कुत्रा पिटबुल आहे ही नाही, असं मला वाटतं. भिंत कमरेइतकी आहे, कुत्रा दोनदा सुटला आणि कुणी नोंद घेतली नाही, ही आहे. उद्या त्या बंगल्यात पिटबुलऐवजी यादीत नसलेला जर्मन शेफर्ड आला आणि त्याच भिंतीवरून उडी मारून बाहेर आला, तर नव्या कायद्याने तुम्हाला काय मिळणार? परत तोच प्रश्न: चावला का?

म्हणून चावण्याआधीची तक्रार मोजली जाईल असा नियम हवा. कुत्रा मालकाशिवाय रस्त्यावर सापडला की पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा दंड आणि भिंत वाढवायची मुदत, तिसऱ्यांदा पशुवैद्याकडून तपासणी आणि गरज असेल तर ताबा काढून घेणं. आताही तुमच्याकडे काहीच नाही असं नाही. वकीलसाहेबांनी सांगितलेल्या कलम 291 मध्ये चावायची अट नाही, काळजी न घेणं हाच गुन्हा आहे. सुटलेल्या कुत्र्याचा मोबाईलवर व्हिडिओ, तारीख-वेळ, भिंतीचा फोटो आणि पाच शेजाऱ्यांच्या सह्या, एवढं पंचायतीत आणि पोलिसांत एकाच दिवशी द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

तुमच्या गोव्याच्या कायद्यात भरपाई हा शब्द नावातच आहे, ती गोष्ट मला मनापासून आवडली. मालकाच्या खिशाला हात लागला की भिंत आपोआप वाढते. तेवढा भाग सगळ्या देशाने उचलावा. पण जातींच्या यादीने आपण सुरक्षित झालो असं तुमच्या मुलीला सांगू नका, एवढंच कळकळीचं सांगणं आहे. तिला हे शिकवा: सुटा कुत्रा समोर आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात अंगाशी, नजर जमिनीकडे. पाडलंच तर पोटाशी गुडघे घेऊन मानेमागे दोन्ही हात बांधायचे. घरी चार वेळा खेळासारखं करून घ्या.

लायडनहून

मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथला अनुभव उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

इथे 1993 मध्ये पिटबुलसारख्या कुत्र्यांविरुद्ध कायदा आला होता. वंशावळीचे कागद नसतील आणि दिसायला तसा असेल तर जप्त करून मारून टाकायचे. डोकं एवढं, छाती एवढी, अशी मापं लावून. काही न केलेले कितीतरी कुत्रे असे गेले. पंधरा वर्षं हे चाललं आणि चावे काही कमी झाले नाहीत, म्हणून 2008 मध्ये सरकारनेच तो कायदा मोडीत काढायचं ठरवलं. आता जो कुत्रा चावला किंवा धोकादायक वागला, त्या एका कुत्र्यासाठी नगरपालिका मालकाला आदेश देते: बाहेर काढताना आखूड पट्टा आणि तोंडाला मझल. डॉक्टर म्हणतायत ते साधारण हेच. इटलीनेही जातींची यादी 2009 मध्ये सोडून दिली आणि जबाबदारी मालकावर टाकली. अमेरिकेत डेन्व्हर शहराने 1989 पासूनची पिटबुलबंदी नोव्हेंबर 2020 मध्ये मतदान घेऊन उठवली आणि परवाना पद्धत आणली.

उलट ब्रिटनने 1991 च्या कायद्यात चार प्रकारांवर बंदी घातली आणि ती अजून धरून ठेवलीय. लिव्हरपूल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी इंग्लंडमधल्या रुग्णालयांची आकडेवारी बघितली, तर कुत्रा चावून दाखल होणाऱ्यांचं प्रमाण 1998 मध्ये लाखामागे 6.34 होतं, ते 2018 मध्ये 14.99 झालं. बंदी चालू असताना दुपटीहून जास्त. तिथे आता एक्सएल बुली ही पाचवी जात आली, फेब्रुवारी 2024 पासून सवलतीच्या दाखल्याशिवाय तो पाळणं गुन्हा आहे. एक्सएल बुलीच्या हल्ल्यांत माणसं गेली, हे खरं. पण आधीच्या चार जातींवर बंदी असताना लोकांनी तसलाच ताकदवान कुत्रा दुसऱ्या नावाने वाढवला, हेही खरं.

चिंचवडकर_मृणाल

सगळ्यांचे आभार. बार्देशच्या ताई, तुमचं वाचून मी जास्त विचारात पडले. आमच्या काकूंच्या मनात हेच असणार, फक्त त्या असं नीट मांडू शकल्या नाहीत.

कमिटीला पत्र देतेय. वकीलसाहेबांनी सांगितलेलं सगळं घातलंय, आणि माझ्याकडून चार गोष्टी लिहून देतेय: बंड्या फक्त मोठी माणसंच बाहेर काढतील, पट्टा चार फुटांपेक्षा लांब नाही, लिफ्टमध्ये मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर आम्ही पुढच्या लिफ्टने येऊ, आणि सोसायटीच्या आवारात मझल. शेवटचं सोसायटी माझ्यावर लादू शकत नाही हे कळलंय, तरी मी आपणहून करणार आहे. सोबत एक विनंतीही: हेच नियम सोसायटीतल्या प्रत्येक कुत्र्याला लावा, आणि दिवसभर बांधून ठेवणं बंद करा.

डॉक्टर, मझलचं सांगाल का? दुकानात कापडाचं मिळालं, त्यात तो अस्वस्थ होतो, पंजाने ओढतो.

पशुवैद्य_मिरज

कापडाचं लगेच काढा. त्याने तोंड मिटलं जातं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापेवर अंग थंड ठेवतो. चिंचवडच्या एप्रिलमध्ये रॉटवायलरचं तोंड दहा मिनिटं बांधून चालवलंत तर उष्माघात होऊ शकतो. ते फक्त आम्ही इंजेक्शन देताना दोन मिनिटांसाठी वापरतो.

टोपलीसारखं जाळीचं मझल घ्या, प्लॅस्टिक किंवा सिलिकॉनचं. माप असं घ्या: डोळ्यांच्या एक बोट खालपासून नाकाच्या टोकापर्यंत लांबी, आणि तोंड पूर्ण उघडून धाप टाकत असताना जबड्याचा घेर. बंद तोंडाचा घेर घेऊ नका, सगळे तिथेच चुकतात. घातल्यावर त्याला पाणी पिता आलं पाहिजे आणि जाळीतून तुमच्या हातचा तुकडा खाता आला पाहिजे.

लगेच बांधायचं नाही. पहिले काही दिवस जाळीच्या आत चीजचा तुकडा किंवा उकडलेलं चिकन ठेवा आणि त्याला स्वतःहून नाक घालू द्या. मागचा पट्टा लावायचाच नाही. तो जाळी बघून शेपटी हलवायला लागला की मग पाच सेकंद पट्टा, लगेच खाऊ, काढा. हळूहळू वेळ वाढवा. पंजा मारायला लागला तर तुम्ही घाई केलीत, एक पायरी मागे जा.

तुमच्या पत्रात एक भर घाला. त्या काकूंना आणि नातवाला, त्यांची तयारी असेल तरच, एकदा खाली बागेत बोलवा. मोकळी जागा, बंड्या मझलमध्ये आणि तुमच्या पायाशी बसलेला, पोरगं दहा फुटांवर आजीचा हात धरून. हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही. आणि त्या वेळी बंड्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवा. तोंड सैल, जीभ बाहेर असेल तर ठीक. तोंड मिटलं की त्या दिवशी तिथेच थांबवा.